मॅडम, हा व्हिडिओच आहे ना?

प्रश्न

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात डिजिटल लॉजिक शिकवते. यंदा डिप्लोमा करून एमआयडीसीत लागलेल्या नोकरदारांची ५४ जणांची संध्याकाळची तुकडी माझ्याकडे आली आहे. थिअरी ऑनलाइन आहेच, पण प्रॅक्टिकलही जमतील तितकी ऑनलाइन घ्यायची असं ठरलं. कॉलेजने त्यासाठी दोन बेसिस ३ एफपीजीए बोर्ड (चिपमधलं सर्किट कोड लिहून हवं तसं बदलता येतं असे) घेऊन दिले. मी एक बोर्ड लॅबमधल्या पीसीला जोडला, वर वेबकॅम टांगला आणि सुरुवात केली. पहिल्याच दिवशी फजिती. सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली सर्किटात, छान मोजणारा काउंटर (ठोके मोजणारं सर्किट) बोर्डावर टाकला, तर सोळाही दिवे मंद आणि एकसारखे जळत राहिले. त्यात स्विच सरकवायला मीच लॅबमध्ये उभी. कुणीतरी म्हणायचं, "मॅडम, तिसरा वर करा," की मी करायचा. शेवटी एक जण म्हणाला, "मॅडम, हा व्हिडिओच आहे ना? मग सिम्युलेटर काय वाईट होता?" मला उत्तर सुचलं नाही. बोर्ड परत कपाटात ठेवू का? ठेवायचे नसतील तर दोन बोर्डांवर ५४ जण कसे बसवू? आणि एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आले की परीक्षा कशाची घेऊ? ता. क. रात्री कॅमेऱ्यासाठी लॅबचे दिवे चालू ठेवावे लागतील का?

— स्विच सरकवणारी, कराड

उत्तर

मॅडम,

आधी त्या विद्यार्थ्याला माझ्याकडून शाबासकी द्या. तुम्हाला उत्तर सुचलं नाही, कारण त्या दिवसापुरतं त्याचं बरोबर होतं. त्यांनी सांगायचं, तुम्ही स्विच सरकवायचा, त्यांनी दिवा पेटलेला बघायचा. कुणी गेल्या वर्षी हेच चित्रित करून ठेवलं असतं तर काय फरक पडला असता? सिम्युलेटरवर आलेलं उत्तरच पुन्हा कॅमेऱ्यात बघायचं असेल तर बोर्ड खरंच कपाटात ठेवा, धूळ तरी बसणार नाही.

पण तुम्ही जिला फजिती म्हणता ना, तेच त्या संध्याकाळचं खरं प्रॅक्टिकल होतं, आणि तुम्ही ते घाईघाईने गुंडाळलंत. बेसिस ३ वरचं क्लॉक, म्हणजे सर्किटाला ताल देणारं घड्याळ, १०० मेगाहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १० कोटी ठोके. १६ बिटांचा काउंटर (दर बिटाला एक दिवा) थेट त्याच्यावर चालवला की सगळ्यात खालचा दिवा सेकंदाला ५ कोटी वेळा उघडझाप करतो आणि सगळ्यात वरचाही दीड हजार वेळा. निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद. डोळ्याला तो अर्ध्या उजेडात स्थिर जळताना दिसतो आणि सेकंदाला ३० चित्रं काढणाऱ्या वेबकॅमला तर काहीच कळत नाही. म्हणजे काउंटर बरोबर मोजत होता, आपल्यालाच तो दिसत नव्हता. सिम्युलेटरच्या वेव्हफॉर्मवर, म्हणजे सिग्नलच्या आलेखावर, हे कधीच कळलं नसतं, कारण तिथे आपण हवं तेवढं झूम करतो.

तुम्ही त्यांना तिथेच अडकवून ठेवायला हवं होतं. "दिवा डोळ्याला दिसेल असा करा" एवढंच सांगून पुढचे पाऊण तास गप्प बसायचं. कुणीतरी २७ बिटांचा काउंटर करून वरचं बिट दिव्याला दिलं असतं, दिवा साधारण १.३ सेकंदाला एकदा लुकलुकला असता आणि गटावर आरडाओरडा झाला असता. मग तोच कोड सिम्युलेटरवर टाकायला सांगायचा. तिथे १३ कोटी ठोके मोजायला बसवलेला सिम्युलेटर चहा पिऊन आलात तरी रेंगाळलेला दिसतो. तेव्हा कळतं की सिम्युलेशनसाठी डिव्हायडर (क्लॉकचा वेग कमी करणारा काउंटर) छोटा ठेवायचा आणि बोर्डासाठी मोठा, आणि दोन्हींसाठी एकच पॅरामीटर बदलता येईल असा कोड लिहायचा. ही नोकरीत लागणारी सवय आहे. तुमच्या मंडळींतले निम्मे तरी पीएलसीच्या, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, पॅनेलसमोर उभे राहून आलेले असणार, त्यांना हे पटकन पटेल.

माझं म्हणणं एवढंच की दूरचा बोर्ड सिम्युलेटरशी भांडायला ठेवा. जिथे दोघांचं एकमत आहे ते प्रयोग सिम्युलेटरवरच उरका. हाफ ॲडर, मल्टिप्लेक्सर, कोड कन्व्हर्टर यांसारख्या साध्या सर्किटांसाठी बोर्डाची रांग लावू नका. इकारस व्हेरिलॉग हा सिम्युलेटर आणि वेव्हफॉर्म दाखवणारं जीटीकेवेव्ह फुकट आहेत, जुन्या लॅपटॉपवरही चालतात. जिथे दोघं वेगवेगळी साक्ष देतात तेवढेच प्रयोग बोर्डावर आणा.

असे प्रयोग शोधायला लांब जावं लागत नाही. सेव्हन सेगमेंटचा, म्हणजे सात दांड्यांच्या आकड्याचा, डिकोडर घ्या. पुस्तकातल्या ट्रुथ टेबलाप्रमाणे शून्यासाठी ए ते एफ या बाहेरच्या दांड्या १ आणि मधली जी ०. सिम्युलेटर खूश. बोर्डावर टाकला की शून्याच्या जागी नुसती मधली आडवी दांडी पेटते, कारण बेसिस ३ चे सेगमेंट ० दिल्यावर पेटतात. ॲक्टिव्ह लो हा शब्द मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला, पण तो मुलांच्या डोक्यात शिरला तो त्या दांडीमुळेच.

दुसरा प्रयोग ऑलवेज ब्लॉकचा, म्हणजे सिग्नल बदलला की चालणाऱ्या कोडच्या तुकड्याचा. ए आणि बी या दोन इनपुटांचा साधा अँड त्यात लिहायचा, पण सेन्सिटिव्हिटी लिस्टमध्ये, म्हणजे कोणता सिग्नल बदलला की ब्लॉक चालवायचा त्या यादीत, मुद्दाम फक्त ए ठेवायचा. सिम्युलेटरवर बी बदलला तरी आउटपुट ढिम्म हलत नाही. सिंथेसिस, म्हणजे कोडवरून खरं सर्किट बनवणारी पायरी, मात्र ती यादी बाजूला ठेवून सरळ अँड गेट बनवतं, त्यामुळे बोर्ड बरोबर चालतो. तिसरा प्रयोग रिसेट न दिलेल्या, म्हणजे सुरुवातीला शून्यावर न आणलेल्या, काउंटरचा. वेव्हफॉर्मवर पहिल्यापासून शेवटपर्यंत लाल एक्स (म्हणजे किंमत माहीत नाही), आणि बोर्डावर काउंटर शून्यापासून शहाण्यासारखा मोजतोय. या एफपीजीएमधले फ्लिपफ्लॉप (एकेक बिट लक्षात ठेवणारे घटक) कॉन्फिगर होताना ठरलेल्या किमतीवर येतात, आपण काही सांगितलं नसेल तर शून्यावर. त्याच कोडवरून कारखान्यात कायमची चिप बनवली तर ही सोय नाही. हे दोन प्रयोग पाठोपाठ घ्या. "बोर्डावर चालतंय ना, मग झालं" म्हणणाऱ्यांचीही त्यात जिरते. लॅबमध्ये ही जमात फार असते. मीही तिच्यातलाच होतो.

आता स्विचची गोष्ट. तुम्ही उभ्या राहून स्विच सरकवणं पहिल्या दिवसापासून बंद करा. बेसिस ३ ची एकच यूएसबी केबल वीज, प्रोग्रामिंग आणि सीरियल पोर्ट अशी तिन्ही कामं करते. तुम्ही एक टॉप मॉड्यूल, म्हणजे सगळ्यात बाहेरचं सर्किट, लिहून ठेवा. पीसीकडून सीरियलवर आलेले बाइट त्याने १६ स्विच आणि ५ बटणं म्हणून विद्यार्थ्याच्या मॉड्यूलला द्यायचे आणि त्याच्या आउटपुटचे बिट उलट पाठवायचे. विद्यार्थी फक्त आतलं मॉड्यूल लिहितो. कोणता सिग्नल कोणत्या पिनला ते सांगणारी कन्स्ट्रेंट फाइल तुमची, तिला कुणी हात लावायचा नाही, म्हणजे भलतीच पिन आउटपुट करून बोर्ड जाळायची भीतीही गेली. ब्राउझरमध्ये स्विचची चित्रं असलेलं पान हवं, ते तुमच्याच कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांकडून करून घ्या. त्यांना प्रोजेक्ट हवाच असतो, आणि हा निदान अटेंडन्स सिस्टिमपेक्षा बरा.

मात्र यात एक खोट आहे, ती लक्षात ठेवा. सीरियलवरून आलेला स्विच फार सभ्य असतो. दाबला की एकदाच दाबला जातो. खरं बटण तसं नसतं. त्याचे संपर्क मिलिसेकंदभर थडथडतात, आणि १० कोटी ठोक्यांच्या घड्याळाला ते एक दाबणं चार-पाच दाबण्यांसारखं दिसतं. दूरच्या लॅबमध्ये शिकलेला विद्यार्थी डिबाउन्सिंग (ही थडथड गाळणं) हा शब्द पाठ करून बाहेर पडतो आणि पहिल्या खऱ्या बटणाला अडखळतो. उपाय स्वस्त आहे. एक तयार रिले (विजेने चालणारा स्विच) मॉड्यूल घ्या, त्याची कॉइल आर्डुइनोसारख्या छोट्या कंट्रोलर बोर्डावरून चालवा, आणि रिलेचा कोरडा संपर्क बोर्डाच्या पीमॉड कनेक्टरवरच्या ३.३ व्होल्ट आणि एका इनपुट पिनच्या मध्ये टाका. त्या पिनपासून ग्राउंडला १० किलोओहम. बोर्डावर डाग द्यायची गरज नाही. रिलेचे संपर्कही बटणासारखेच थडथडतात. आता विद्यार्थ्याने घरून दाबलं की काउंटर कधी १ ने, कधी ४ ने पुढे सरकतो. कॅमेऱ्याचा माइक चालू ठेवा, म्हणजे रिलेचा 'टक' आवाजही जाईल. कान म्हणतो एक, काउंटर म्हणतो चार. डिबाउन्सिंगवर याहून चांगलं लेक्चर मला देता येणार नाही.

कॅमेऱ्याबद्दल दोन गोष्टी. एलईडी कॅमेऱ्यात फुगून पांढरे पडतात आणि शेजारचा दिवा पेटलाय की नाही ते कळत नाही. ऑटो एक्सपोजर बंद करा आणि दिव्यांवर ट्रेसिंग पेपरची पट्टी चिकटवा. चार आकडी सेव्हन सेगमेंट आळीपाळीने पेटत असतो, म्हणून कॅमेऱ्यात आकडे लुकलुकतात किंवा एखादा गायब होतो. ती मुलांची चूक समजू नका. एक्सपोजरचा वेळ वाढवला की बरंचसं सुधारतं. आणि फ्रेमच्या कोपऱ्यात सेकंदकाटा असलेलं एक टेबलावरचं घड्याळ ठेवा. चित्र किती मागे आहे ते त्यावरून कळतं, नाहीतर मंडळी "दाबलं गेलं नाही" म्हणून तीन-तीनदा दाबतात. "व्हिडिओच आहे ना" याचंही उत्तर त्या घड्याळातच आहे.

आता हाताचं. इथे मी जरा हट्टी आहे. पहिला महिना कुणालाच दूरचा बोर्ड देऊ नका. प्रत्येकाच्या घरी एक पुडकं पाठवा. त्यात छोटा ब्रेडबोर्ड, दोन ७४एचसी०० (प्रत्येकात चार नँड गेट असलेला आयसी), चार एलईडी, एक किलोओहमचे रेझिस्टर, थोड्या वायरी, आणि मोबाइलच्या चार्जरवरून ५ व्होल्ट घ्यायला एक यूएसबी केबल. पुण्याच्या बुधवार पेठेतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घाऊक आणलं तर एका माणसाचं पुडकं दोघांच्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा महाग पडणार नाही. नँड गेटमधून बाकीची सगळी गेट आणि एक एसआर लॅच (एक बिट धरून ठेवणारं सर्किट), एवढंच त्यावर करायचं. मी एचसी मुद्दाम सांगतोय. जुन्या एलएस मालिकेत मोकळी सोडलेली इनपुट पिन गुपचूप १ वाचली जाते आणि चूक झाकली जाते. एचसीमध्ये ती तरंगत राहते. बोट नुसतं जवळ नेलं तरी दिवा लुकलुकतो. "मॅडम, आयसी खराब आहे" असे फोन येतील. येऊ द्या. मोकळी पिन म्हणजे शून्य नव्हे, हे ज्याने त्याने आपापल्या बोटाने शिकावं. कॅमेऱ्यातून कितीही चांगला बोर्ड दाखवला तरी तो हे शिकवू शकत नाही.

आमच्या वेळी ही शिकवणी ७४७६ हा फ्लिपफ्लॉपचा आयसी करायचा. बहुतेक आयसींचा सप्लाय कोपऱ्यातल्या पिनांवर असतो, या पठ्ठ्याचा व्हीसीसी पाचव्या पिनवर आणि ग्राउंड तेराव्या. दर बॅचमध्ये कुणीतरी सवयीने सोळाव्या आणि आठव्या पिनला सप्लाय द्यायचा, आणि मग फ्लिपफ्लॉप काही केल्या टॉगल होत नाही म्हणून तासभर माझ्या मागे लागायचा. डेटाशीट का उघडायची असते, ते तेवढ्या एका तासात कळायचं. असो.

५४ जण आणि दोन बोर्ड हा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा अवघड नाही. मुलांना बोर्ड तासभर कशाला हवा? कोड लिहिणं, सिम्युलेशन, सिंथेसिस हे सगळं बोर्डाबाहेर होतं. बोर्डावर फक्त बिटफाइल (तयार सर्किटाची फाइल) चढवायची, दोन-चार चाचण्या करायच्या आणि उतरायचं. चार मिनिटांचा स्लॉट ठेवला तर दोन बोर्डांवर तासाला ३० जण होतात. पावणेदोन-दोन तासांत अख्खी तुकडी एकदा फिरून येते. एकाच बसण्यात काम होणार नाही, रांगेत परत यावं लागेल. ते चांगलंच आहे. परत यायच्या आत माणूस विचार करतो.

सिंथेसिस मात्र त्यांच्या लॅपटॉपवर करायला लावू नका. त्यासाठी लागणारं व्हिवाडो सॉफ्टवेअर कित्येक दहा जीबी जागा खातं, आणि तुमच्यातल्या काहींकडे फक्त मोबाइल असेल. लॅबच्या एका पीसीवर ते बॅच मोडमध्ये चालवा. विद्यार्थ्याने फक्त दोन-चार केबीचा व्हेरिलॉग (सर्किट लिहायची भाषा) मजकूर पाठवायचा. बेसिस ३ ची बिटफाइल दोन एमबीच्या वर जाते, ती कॉलेजच्या आतच राहते, कुणाचा डेटा जळत नाही. सिंथेसिसचा लॉग मात्र त्याच्याकडे पूर्ण परत पाठवा, आणि त्यात नको असलेला लॅच बनल्याची वॉर्निंग (इफ लिहून एल्स विसरला की येते) असेल तर बोर्डाचा स्लॉटच देऊ नका. एल्स विसरणारे आठवड्याभरात सुधारतात. स्लॉट संपला की रिकामी बिटफाइल चढवा, नाहीतर पुढच्या माणसाला आधीच्याचं उत्तर आयतं दिसतं. नेटवर्कचं कॉलेजच्या सिस्टिम ॲडमिनशी बोलून घ्या. बोर्डाचा पीसी बाहेरच्या जगाला उघडा टाकू नका, आतून बाहेर जाणारा टनेल करा.

या सगळ्या खटाटोपाचा खरा फायदा कुठे आहे सांगू? रात्री. तुमची मंडळी पाळीवर जातात. दुपारी तीनची पाळी अकराला सुटते, घरी जाऊन जेवून बारा. लॅबमध्ये साडेपाचला शिपाई किल्ल्या खुळखुळवत दारात उभा राहतो, तिथे रात्री साडेबाराला फ्लिपफ्लॉप तपासायला कोण देणार? आयआयटी मुंबईने सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम म्हणून छोटे हीटर, पंखे आणि तापमानाचे सेन्सर असलेले संच असेच ठेवले होते. दुसऱ्या गावातल्या विद्यार्थ्याने स्लॉट बुक करून घरून सायलॅब या सॉफ्टवेअरमधून ते चालवायचे. एमआयटीत १९९८ पासून ट्रान्झिस्टरची मोजमापं इंटरनेटवरून घेता येत होती. दोन्हीकडे पलीकडे खरी वस्तू होती, आणि लॅब बंद असतानाही ती विद्यार्थ्याच्या हुकमात होती. तुम्ही ठरलेल्या वेळी सगळ्यांना एकत्र बसवून बोर्ड दाखवलात, म्हणजे हा फायदाच सोडून दिलात. तुमची तासिका चुकांच्या चर्चेसाठी ठेवा. बोर्ड चोवीस तास उघडा ठेवा.

परीक्षेचं. एक्सटर्नल येऊन "फोर बिट काउंटर करून दाखवा" म्हणतील, आणि तो कोड मोबाइलवर दोन मिनिटांत मिळतो. त्यांच्याशी आधी बोला आणि प्रश्नाची दिशा बदला. विद्यार्थ्याला चालू डिझाइन द्या, पण त्यात एक खोड मुद्दाम पेरलेली. सेगमेंट उलटे, कुठे एल्स नाही, कुठे बटणच क्लॉक म्हणून जोडलेलं. वीस मिनिटं, दोन स्लॉट. बिघाड कुठे आहे ते स्क्रीन शेअर करून बोलत बोलत शोधायचं. शोधता आला नाही तरी कसा शोधला याला निम्मे गुण द्या. डिझाइन करायलाच लावायचं असेल तर सिक्वेन्स डिटेक्टर (बिटांचा ठरलेला क्रम आला की ओळखणारं सर्किट) द्या, आणि ओळखायचा नमुना प्रत्येकाच्या पीआरएनच्या (नोंदणी क्रमांकाच्या) शेवटच्या दोन आकड्यांचं बायनरी. शेजाऱ्याची फाइल उपयोगी पडत नाही. सर्व्हरवर कोण किती वेळा आला आणि दर वेळी कोडमध्ये काय बदललं याची नोंद आपोआप राहते. टर्मवर्कचे गुण तिच्यावरून द्या, सुवाच्य अक्षरातल्या फाइलवरून नव्हे. नऊ वेळा येऊन नवव्यांदा चालवणाऱ्याला मी पहिल्याच झटक्यात चालवणाऱ्यापेक्षा कमी देणार नाही. पहिल्या झटक्यात चालवणाऱ्याला तोंडी परीक्षेत दोन प्रश्न जास्तच विचारेन.

आणि तुमचा ता. क. लॅबचे दिवे रात्रभर नकोत. अंधारात एलईडी उलट जास्त चांगले दिसतात. घड्याळ दिसावं म्हणून शेजारी एक झिरोचा बल्ब पुरे. पण वॉचमनकाकांना आजच भेटून या. दहाची फेरी मारताना ते लॅबचा मेन स्विच पाडतात, निदान आमचे पाडायचे. वीज गेली की एफपीजीएतलं डिझाइन पुसलं जातं, पीसी बंद पडतो, आणि सकाळी सात वाजता तुम्हाला चाळीस मेसेज आलेले असतात. पीसीच्या बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू व्हायची सेटिंग करून ठेवा. आणि मेन स्विचवर ठळक मराठीत चिठ्ठी लावा, "काका, हा पाडू नका, आत मुलं आहेत."

— तुमचा,
लॅबमधला जुना मास्तर